एकेचाळीस मण्यांची बोरमाळ

१

कारागीर जयराज पोतदारने बोरमाळेतला एक मणी कसोटीच्या दगडावर घासला आणि त्याचा हात थांबला. त्याने दुसरा मणी घासला. मग तिसरा. दगडावर सोन्याची पिवळीधमक रेघ उठायला हवी होती. उठली ती फिकट, तांबूस.

"मालक," तो आतल्या खोलीतूनच म्हणाला, "जरा आत येताय का? ही माळ खोटी हाय."

"खोटी कशी असंल?" म्हणत सांगलीचे सराफ शांतिनाथ मगदूम गादीवरून उठले. पाकिटावर तारीख होती, वजन होतं, सुनेची सही होती. बंद पाकिटाचा स्टिकर जयराजने आत्ता त्यांच्या डोळ्यांदेखत फाडला होता. आठ दिवसांपूर्वी घेतली तेव्हा माळ सोन्याची होती. त्यांच्या मुलाने, सम्मेदने, ती मशीनवर तपासून घेतली होती. त्यानंतर ती बंद पाकिटात, बंद तिजोरीत होती.

शांतिनाथांनी ती हातात घेतली. चाळीस वर्षं सोनं तोललेल्या हाताला काटा लागत नाही. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला फोन लावला.

मी लालासाहेब शेलार. मिलिटरी पोलिसात चोवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि साताऱ्यात घर बांधून राहिलो. सातारा, कराड, सांगलीकडच्या सराफांचं एक मंडळ आहे, त्यांचा मी सुरक्षा सल्लागार. काम सोपं वाटतं. चोरीचा दागिना आमच्या कुठल्या दुकानात विकला जाऊ नये, एवढंच बघायचं. त्यासाठी मी एक नियम घालून दिला होता. कुणी जुना दागिना मोडीत घालायला आणला, की माणसाचं ओळखपत्र घ्यायचं, दागिन्याचा फोटो काढायचा आणि दागिना सात दिवस पाकिटात बंद ठेवायचा. तेवढ्या दिवसांत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या चोरीच्या फोटोंशी तो ताडून बघायचा. कुणाचा नाही अशी खात्री झाली, की मग आटवायला काढायचा. एकदा मुशीत वितळलं, की सोनं कुणाचं होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

हा नियम लावल्यापासून नऊ दागिने त्यांच्या मालकांना परत मिळाले होते. त्याचा मला अभिमान होता. गोष्ट सांगण्याआधी हे कबूल केलेलं बरं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी सांगलीला पोचलो. दुकानाच्या दारात धनाजी सरगर उभा होता. दुकानाचा राखणदार. आटपाडीकडचा धनगर, पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याची लेक वारल्यावर दोन वर्षांपूर्वी मीच त्याला इथे लावला होता. खरं तर साताऱ्यात एका कारखान्याच्या गेटवर जास्त पगाराची जागा होती. पण त्यानेच हात जोडून सांगितलं होतं, "सराफाकडंच बगा साहेब, कुठं बी असू द्या."

त्याने सवयीने दार उघडलं. "आवं साहेब, लौकर आलासा."

आत शांतिनाथ, सम्मेद आणि सून भाग्यश्री तिघंही बसले होते, पण एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं.

सम्मेदने सांगितलं ते असं. मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास साताऱ्याची एक बाई आली. सोनिया नाव. तिने गळ्यातली बोरमाळ काढून काउंटरवर ठेवली, मोडीत घालून नवा हार घेतला. जुना माल, हॉलमार्क नाही. सम्मेदने तपासलं, वजन केलं, फोटो काढला, माळ गुलाबी कागदात गुंडाळून पाकिटात घातली आणि काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकली. दोन ते चार दुकान बंद. वडील त्या दिवशी कुंभोजला देवदर्शनाला गेले होते. संध्याकाळी भाग्यश्रीने पाकिटाला स्टिकर लावून सही केली आणि ते तिजोरीत ठेवलं.

"ड्रॉवरला कुलूप होतं?" मी विचारलं.

"होतं," सम्मेद म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

मी भाग्यश्रीला बाजूला घेऊन बसलो. ती कॉमर्स शिकलेली, हुशार पोरगी. डोळे रडून सुजले होते, पण आवाज सरळ होता.

"स्टिकरवर सही माझी आहे साहेब. तिजोरीची एक किल्लीही माझ्याकडे असते. म्हणजे चोर मी. घरात कुणी तोंडाने म्हणत नाही, एवढंच."

"स्टिकर लावताना कागद उघडून बघितला होता?"

"नाही. यांनी बांधलेलं पाकीट मी सोडून बघितलं, की यांना वाटतं मी यांची परीक्षा घेते. म्हणून मी बघणं सोडून दिलंय."

दुकानात कॅमेरे दोन. एक दारावर, एक गिऱ्हाइकाच्या बाजूला. काउंटरच्या आत एकही नाही. मी तीनदा सांगितलं होतं, पण शांतिनाथांचं म्हणणं ठाम होतं. घरच्या माणसांवर डोळा ठेवायचा नाही.

दाराचं चित्रण मी बघितलं. एक वाजून सहा मिनिटांनी सोनिया आत आली. धनाजीने दार उघडलं आणि ती आत गेल्यावरही तो दार तसंच धरून उभा राहिला. दोन मिनिटं. आतून सम्मेद काहीतरी ओरडला, बहुतेक एसीवरून, तेव्हा कुठे त्याने दार लावलं. दोन वाजता सम्मेद-भाग्यश्री घरी गेले. जयराज मागच्या खोलीत डबा खात असतो, तो आतच होता. धनाजी नेहमीप्रमाणे जेवायला सायकलवरून सांगलीवाडीला गेला आणि तीनच्या आत परत आला. बाकी कुणी आलं नाही.

"दार उघडं का ठेवलं होतंस रे त्या दिवशी?" मी जाता जाता धनाजीला विचारलं.

"ध्यानात न्हाई साहेब," तो म्हणाला. "म्या दारावरच हुतो."

३

खोटी माळ मी टेबलावर ठेवून भिंगातून पाहिली. 'एक ग्रॅम सोन्याची' म्हणून जत्रेपासून मॉलपर्यंत मिळते तसलीच होती, पण तयार घेतलेली नव्हती. कुणीतरी मुद्दाम करवून घेतली होती. मधला मणी मोठा, दोन्ही बाजूंना उतरते, मागे लाल रेशमी गोंडा. फोटोतल्या खऱ्या माळेसारखी हुबेहूब. फक्त खरीच्या मधल्या मण्यावर एक खळगा होता, तो हिच्यावर नव्हता.

आणखी एक गोष्ट होती. माळेच्या एका बाजूचा मुलामा पांढुरका पडला होता आणि दुसऱ्या बाजूचा नव्यासारखा होता. मी ती नाकाशी नेली. उदबत्तीचा वास.

भाग्यश्री माझ्या खांद्यावरून बघत होती. "ही कुणाच्या गळ्यात नव्हती," ती म्हणाली. "गळ्यात मणी फिरतात, सगळीकडून सारखे घासतात. ही कशावर तरी घातलेली होती. बरेच दिवस. एकाच बाजूने ऊन लागलंय."

"देवावर," मी म्हणालो.

हे मी मोठ्याने म्हणालो. तिथे माझी पहिली चूक झाली.

शांतिनाथ एकदम उभे राहिले. "जयराजच्या घरी कालिकेची मोठी तसबीर हाय. दागिने घालून पूजा करतात. मी बघितलंय." आणि मी काही बोलायच्या आत ते मागच्या खोलीत गेले.

जयराज वीस वर्षं त्या खोलीत बसून काम करत होता. सम्मेदच्या मुंजीतले नव्हेत, पण लग्नातले सगळे दागिने त्याच्या हातचे. असली नक्कल करणं त्याच्या डाव्या हाताचा मळ होता. त्या मंगळवारी दुपारी दुकान बंद असताना तो आत एकटा होता. सगळं त्याच्यावरच येऊन ठेपत होतं.

"मीच खोटी म्हणून सांगितली की मालक," तो म्हणाला. "मी बदलली असती तर गपचिप मुशीत नसती का टाकली?"

बोलणं बिनतोड होतं. पण शांतिनाथांच्या कानांपर्यंत ते गेलं नाही.

"चौकशी होईस्तोवर तू घरी बस," ते म्हणाले.

जयराजने चिमटे, कानस, फुंकणी एकेक करून पुसलं आणि कापडात गुंडाळलं. फार वेळ लावला त्याने. कुणीतरी थांबवेल असं त्याला वाटत असावं. मी थांबवू शकलो असतो. पण मी विचारात होतो, आणि विचार पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही ही माझी शिस्त. मघाशी मोडलेली शिस्त मी नेमकी त्या वेळी पाळली.

निघताना सम्मेद माझ्यामागे रस्त्यावर आला. "साहेब," तो खाली बघत म्हणाला, "किल्ली ड्रॉवरलाच राहिली होती त्या दुपारी. बाबांना सांगू नका."

"म्हणजे तुझ्या बायकोने सही करायच्या आधीच माळ बदलली गेली असू शकते. हे तिला सांगितलंस?"

तो खिशातल्या किल्ल्या चाळवत दुकानाकडे वळला.

साताऱ्याच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. मोबाइलवर दोन्ही माळांचे फोटो होते. कराड गेलं तरी मी ते पुन्हा पुन्हा बघत होतो. काहीतरी खटकत होतं. शेवटी मी शाळकरी पोरासारखे बोट ठेवून मणी मोजले.

खऱ्या माळेत एकोणचाळीस मणी होते. खोटीत एकेचाळीस.

तिथेच जयराज सुटला. जो माणूस समोरची माळ बघून नक्कल करतो, तो एकोणचाळीसच मणी ओवणार. एकेचाळीस ओवणाऱ्याने ही माळ बघून नक्कल केलेली नव्हती. त्याने ती आधी कधीतरी बघितली होती, ती पुरती होती तेव्हा. आणि पांढुरका पडलेला मुलामा सांगत होता, की ही नक्कल आठ दिवसांतली नव्हतीच. दोनेक वर्षांची होती.

ही माळ कुठून आली होती, हे आता सोनियालाच विचारायला हवं होतं.

४

सोनियाचं घर साताऱ्यात, एमआयडीसीच्या मागच्या वसाहतीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. नवरा कामावर गेला होता. ओळखपत्रावर तिचं माहेरचं नाव होतं, त्यामुळे हे घर कुणाचं ते मला तोवर माहीत नव्हतं. मंडळाचं कार्ड दाखवल्यावर तिने पाणी दिलं, चहा टाकला. मोकळी, हसरी मुलगी. चोरीचा माल विकणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. ही त्यातली नव्हती.

"यांच्या आजीची बोरमाळ ती," ती म्हणाली. "मला जुन्या पद्धतीचं आवडत नाही. हे म्हणाले, मोड. पण इथे नको, तुझ्या माहेराकडे मोड. मिरजेला माहेर आहे माझं. तिकडे जाणारच होते, म्हणून सांगलीला गेले."

"इथे का नको?"

"इथले सराफ भाव पाडतात म्हणे."

चहा ठेवायला ती वाकली तेव्हा मला तिच्या कानांत लोंबणारे दोन मणी दिसले. गोल, उतरत्या आकाराचे, बोरासारखे.

"कानातलं छान आहे," मी म्हणालो.

"त्याच माळेतले दोन मणी काढून करून दिलं यांनी लग्नात. आजीची आठवण म्हणून ठेवलंय."

एकोणचाळीस आणि दोन. मी कप खाली ठेवला.

"आजी कुठल्या?"

ती थोडी घुटमळली. "खरं सांगू का काका, मला नीट माहीत नाही. यांचं पहिलं लग्न झालेलं होतं. ती वारली, कावीळ झाली होती. कधी वाटतं तिचीच माळ असेल. विचारलं तर चिडतात, म्हणून विचारत नाही."

"तिचं नाव काय होतं?"

"राणी. आटपाडीकडची. तिचे वडील सांगलीत कुठेतरी वॉचमन आहेत, असं सासूबाई एकदा बोलल्या होत्या."

बाहेर एमआयडीसीचा भोंगा झाला. नवऱ्याचं नाव मी तिला विचारलं नाही. ते मला आठवलं होतं. इंद्रजित कोळेकर. दोन वर्षांपूर्वी माझ्याच ओसरीवर बसून एका माणसाने ते नाव घेतलं होतं.

माझा चेहरा बघून तिला काहीतरी कळलं असावं. तिचा हात हळूच कानाकडे गेला आणि तिथेच राहिला.

५

धनाजी तेव्हा एक फोटो घेऊन आला होता. लेकीच्या लग्नातला, मोठा केलेला.

"लेक गेली साहेब. ती गेली त्येला कुनाचा इलाज न्हाई. पन आमच्या म्हातारीची बोरमाळ हुती तिच्या अंगावर. जावई म्हनतो, दवाखान्यातनं चोरीला गेली. तेवढा फोटो तुमच्या दुकानांस्नी धाडा. कुठं इकाय आली तर कळंल."

"पोलिसात तक्रार आहे का?"

"चौकीवर म्हनत्यात, जावयानं करायची. त्यो करत न्हाई."

तक्रारीशिवाय फोटो टाकायचा नाही, हाही माझाच नियम. त्याआधी एकदा मी नुसत्या तोंडी सांगण्यावरून फोटो टाकला होता आणि कराडमध्ये एका बाईला भर दुकानात अडवलं गेलं. दागिना तिचाच निघाला. तेव्हापासून मी कुणाचं ऐकत नव्हतो. मी धनाजीला म्हणालो, "घरगुती भांडणं ग्रुपवर आणता येत नाहीत." तो फोटो मी हातात घेतला आणि नीट न बघताच परत दिला. मग वाईट वाटलं म्हणून नोकरीचं विचारलं.

एवढा दागिना चोरीला जातो आणि माणूस तक्रार करत नाही. मिलिटरी पोलिसात चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्यावरून वास यायला हवा होता.

शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी सांगलीवाडीला त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. त्याची आई, हरणाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. समोरच्या भिंतीवर राणीची तसबीर होती आणि तसबिरीवर बोरमाळ. मधल्या मण्यावर खळगा. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजले.

धनाजी गणवेशाची बटणं लावत बाहेर आला. मला बघून त्याचे हात थांबले.

"कळलं व्हय," तो म्हणाला.

"लपवून तरी ठेवायचीस."

"कशापायी? तिची हाय, तिच्यावर घातली."

तो माझ्यासमोर भुईवर बसला आणि दोन वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. राणी गेल्यावर तिच्या आईने, धनाजीच्या बायकोने, हट्ट धरला, की पोरीची तसबीर मोकळ्या गळ्याची नको. म्हणून लग्नाच्या फोटोवरून खोटी माळ करवून घातली. वर्षभरात तीही गेली. आणि हा सांगलीत सराफाच्या दारात उभा राहिला.

"इकायची असंल तर कवातरी सराफाच्या दारात यील, म्हनून ही नोकरी धरली साहेब. येनाऱ्या परतेक बाईचा गळा बगायचो. लाज वाटायची, पन बगायचो. आन त्या मंगळवारी आली. गळ्यात घालून आली. राणी दातं यायच्या वक्ताला म्हातारीच्या मांडीवर बसून मधला मनी चावायची, तो खळगा मला दारातनं दिसला."

"मग मला का नाही सांगितलंस? शांतिनाथांना का नाही सांगितलंस?"

"आवं, काय सांगू? तक्रार हाय का म्हनला असता." हे तो चिडून म्हणाला नाही. मला समजावून सांगावं तसं म्हणाला. "सात दिसांनी ती इतळनार. जेवाय आलो, तसबिरीवरची काढली, किल्ली ड्रॉवरलाच दिसली, बदलली. रिकामं पाकीट ठिवलं असतं तर सांजंलाच कळलं असतं."

"आणि जयराज?"

आता मात्र त्याने मान खाली घातली. "त्यो हत्यारं पुसत हुता तवाच बोलाय पायजे हुतं. दारातच हुतो. जीभ उठली न्हाई साहेब. बोललो असतो तर ही पुन्ना गेली असती."

मी तिथून उठून गेलो असतो, तर माळ तसबिरीवरच राहिली असती. पण मग जयराज आयुष्यभर चोर राहिला असता, आणि भाग्यश्री तिच्या घरात.

"धनाजी, ती काढून दे," मी म्हणालो. "पोलिसांकडे द्यावी लागेल. तुझ्या जावयाने काय केलं, हे ती माळ आणि ते कानातले मणी मिळूनच सिद्ध होईल. या वेळी मी बरोबर येतो."

तो उठला नाही. उठली हरणाबाई. पिठाचे हात लुगड्याला पुसून तिने तसबिरीवरून माळ काढली, पदरात धरली.

"माझ्या सासूनं घातली हुती मला," ती म्हणाली. "घ्या. पन लेकरा, ही परत कवा मिळंल?"

मी माळ रुमालात बांधून घेतली.

६

शांतिनाथांना मी सगळं सांगितलं. धनाजीविरुद्ध तक्रार द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "त्याची वस्तू त्यानं घेतली," ते म्हणाले. "पण दारावर आता ठेवता येणार नाही साहेब. मी उद्या त्याच्या तोंडाकडं कसा बघू, आणि तो माझ्या?" मग त्यांनी टोपी घातली आणि ते स्वतः जयराजच्या घरी गेले.

जयराज घरी नव्हता. हुपरीला चांदीच्या कारखान्यात कामाला लागला होता. महिन्याने मीही हुपरीला गेलो. त्याने चहा पाजला, माझी विचारपूस केली, पायल कशा जोडतात ते दाखवलं. परत यायचं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "इथं बरं हाय. इथं मला कुणी वीस वर्षं वळखत न्हाई."

भाग्यश्रीने काउंटरच्या आत कॅमेरा बसवून घेतला. सम्मेदने किल्लीची गोष्ट तिला सांगितली की नाही, हे मला माहीत नाही.

सोनियाने कानातले मणी स्वतः पोलिसात नेऊन दिले, जबाब दिला आणि ती मिरजेला माहेरी गेली. तिची काही चूक नव्हती. तरी निघताना ती मला म्हणाली, "मी वर्षभर ती गळ्यात घालून हिंडले ना काका."

मंडळाचा नियम मी बदलला. तक्रार नसली तरी आता माणसाचं म्हणणं लिहून घेतो, फोटो फक्त दुकानमालकांना पाठवतो आणि संशय आला तर गिऱ्हाइकाला न अडवता आधी मला फोन करायचा. फार काही अवघड नव्हतं. दोन वर्षांपूर्वीही नव्हतं.

राणीची माळ लाटल्याबद्दलचा इंद्रजितवरचा खटला साताऱ्याच्या कोर्टात उभा राहायला दीड वर्ष लागलं. त्याच्या वकिलाने मुद्दा चांगला शोधला होता. बोरमाळ इंद्रजितच्याच आजीची, राणीची नव्हेच. धनाजीने दुकानातून ती उचलली आणि पकडला गेल्यावर लेकीची म्हणून बनाव रचला. लग्नाच्या फोटोत माळ दिसते, पण ती सासरने घातलेली असू शकते. धनाजीने पकडलं जाण्याआधी कधीही, कुणापाशीही या माळेवर हक्क सांगितला होता, याला पुरावा काय? चौकीवर नोंद नव्हती. पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे मी.

मी साक्षीला उभा राहिलो. धनाजी माझ्या ओसरीवर आला होता ते सांगितलं. फोटो दाखवला होता ते सांगितलं. कोणत्या महिन्यात, काय शब्दांत, सगळं.

इंद्रजितचा वकील उठला. तरुण होता, नम्र होता.

"सुभेदारसाहेब, चोरीचे दागिने शोधणं हेच तुमचं काम. हा गृहस्थ तुमच्याकडे आला आणि तुम्ही काय केलंत?"

"काही केलं नाही."

"बरोबर. कारण त्याचं बोलणं तुम्हालाही खरं वाटलं नव्हतं. असंच ना?"

हो म्हणालो असतो, तर माझी अब्रू झाकली गेली असती. कोर्टात मंडळाचे दोन पदाधिकारी बसले होते. मागच्या बाकावर हरणाबाई पदर तोंडाला लावून बसली होती.

"नाही," मी म्हणालो. "मला ते खरं वाटलं होतं. तरीही मी काही केलं नाही."

वकील खाली बसला. टाइप करणाऱ्या बाईंनी वर बघितलं. न्यायाधीशांनी ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि मी पुन्हा सांगितलं.

बाहेर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची पडली होती. आवारातल्या लिंबाखाली धनाजी फडकं पसरत होता आणि हरणाबाई गाठोडं सोडत होती. मी दुसऱ्या बाजूने निघालो होतो, पण त्याने बघितलं.

"साहेब," त्याने हाक मारली, "सकाळधरनं उपाशी हायसा. या, बसा."

मी गेलो. त्याने सरकून जागा केली. म्हातारीने माझ्या हातावर भाकरी ठेवली आणि तिच्यावर पिठलं वाढलं. आम्ही तिघं खाली बघत जेवलो.